दिवाळी अंक, लेखक आणि गोट: टू-मोड नेटवर्कमधले गट शोधायला कोणतं सॉफ्टवेअर?

अंकवेडी

नमस्कार मंडळी. ह्या विभागात पहिल्यांदाच धागा काढते आहे, सांभाळून घ्या.

आमच्या इथल्या सार्वजनिक वाचनालयात जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले आहेत. १९५० ते १९८५ ह्या काळातले हाती लागले तेवढे अंक घेऊन त्यांच्या अनुक्रमणिका मी एक्सेलमध्ये उतरवल्या आहेत. एका ओळीत एक नोंद: लेखक, अंक, साल, साहित्यप्रकार. मला बघायचंय ते एवढंच, की कोणते लेखक आणि कोणते अंक एकमेकांना धरून आहेत. 'तो अमक्या गोटातला' असं आपण बोलताना सहज म्हणतो. ते गोट ह्या नोंदींत खरंच दिसतात का?

भाच्याने गेफी हे जाळ्यांची चित्रं काढणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात आधी लेखक-लेखक जाळं केलं, दोघं एका अंकात आले की दोघांत एक रेघ. पडद्यावर नुसता काळा गोळा. मग लेखक आणि अंक दोन्ही ठिपके ठेवून 'मॉड्युलॅरिटी'चं बटण दाबलं. रंगीत चित्र आलं, दिसतंही छान, पण दर वेळी बटण दाबलं की गटांची संख्या बदलते आणि काही लेखक ह्या रंगातून त्या रंगात उड्या मारतात. दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का? विंडोज आहे, प्रोग्रामिंग जेमतेम येतं.

रँडमवॉकर

विदा (डेटा) झकास आहे. असं काही कुणी हाताने उतरवून ठेवलंय हे बघूनच बरं वाटलं.

आधी काळ्या गोळ्याबद्दल. तुमचं मूळ जाळं दोन बाजूंचं, म्हणजेच टू-मोड: रेघ फक्त लेखकाकडून अंकाकडे जाते. लेखक-लेखक जाळं करताना अंक गायब होतो आणि त्यातल्या प्रत्येक जोडीला एक रेघ मिळते. बारा लेखकांच्या अंकातून ६६ रेघा निघतात, साठ लेखकांच्या जाडजूड अंकातून १७७०. लेखक पाचपट, रेघा जवळपास सत्तावीसपट. म्हणजे तुमचं चित्र दोनचार जाडे अंकच काढतात, बाकीच्यांचं मत जमेस धरलंच जात नाही. शिवाय त्या साठ जणांत प्रत्येक जण प्रत्येकाला जोडलेला, म्हणून सॉफ्टवेअर म्हणतं 'वा, काय घट्ट गट आहे'. ते साठ जण एका पुठ्ठ्यात बांधले गेले, एवढाच त्या घट्टपणाचा अर्थ.

आता ते बटण. गेफीत त्यामागे लूव्हाँ पद्धत आहे, २००८ची. ठिपके कोणत्या क्रमाने तपासायचे ते ती दर वेळी नव्याने ठरवते, म्हणून उत्तर हलतं. तेवढ्याने फार बिघडत नाही. खरी अडचण सूत्रात आहे. मॉड्युलॅरिटी मोजते ती गटाच्या आत सापडलेल्या रेघा वजा योगायोगाने सापडल्या असत्या त्या रेघा. नेहमीचं सूत्र असं धरून चालतं की कोणताही ठिपका कोणालाही जोडला जाऊ शकतो, लेखक लेखकाला आणि अंक अंकालासुद्धा. तुमच्याकडे हे कधीच घडणार नाही.

आकडे घालून बघा. समजा एकूण नोंदी १०००. एक लेखक ६ अंकांत आहे, एका अंकात ४० लेखक आहेत. हा लेखक त्या अंकात योगायोगाने असण्याची अपेक्षा ६ × ४० भागिले १०००, म्हणजे ०.२४. नेहमीचं सूत्र भागाकारात २००० घेतं आणि ०.१२ सांगतं. उरलेली निम्मी अपेक्षा ते लेखक-लेखक आणि अंक-अंक अशा अशक्य जोड्यांवर उधळून मोकळं होतं. मायकेल बार्बरने २००७ मध्ये दोन बाजूंच्या जाळ्यासाठी सूत्र दुरुस्त करून दिलं, त्यात अपेक्षा फक्त लेखक-अंक जोड्यांवरच वाटली जाते.

तेव्हा गेफी चित्र काढण्यापुरतं ठेवा. गट शोधायला 'आर' ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यातलं 'बायपार्टाइट' नावाचं पॅकेज (तयार फंक्शनांचा संच). विंडोजवर सुखाने चालतं, फुकट आहे.

तिरकस

एवढा खटाटोप करून कळणार काय? कोण कुठे लिहायचं हे जुन्या वाचकाला विचारा, चहा संपायच्या आत सांगेल.

अंकवेडी

@तिरकस, विचारलंय की. वाचनालयातल्या दोन काकांनी दोन वेगवेगळ्या याद्या सांगितल्या आणि मग आपसांत वाद घातला. म्हणूनच इकडे आले. :)

@रँडमवॉकर, मनापासून धन्यवाद. ०.१२ आणि ०.२४ चं उदाहरण लगेच कळलं.

सह्यवेल

ते 'बायपार्टाइट' पॅकेज आमच्या जमातीचं. कार्स्टन डोर्मन आणि सहकाऱ्यांनी ते परिसंस्थेच्या अभ्यासासाठी केलं: एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला त्यांवर येणारे कीटक. कोणता कीटक कोणत्या फुलावर दिसला ह्याची नोंदवही आणि ताईंची अनुक्रमणिका ह्यांत गणिताच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. त्यामुळे सरावाच्या दोनचार गोष्टी सांगतो.

तुमची लांब यादी आहे तशीच द्या, 'फ्रेमटूवेब्स' हे फंक्शन तिचा आडवा-उभा तक्ता करून देतं. मग गट शोधणारं 'कम्प्यूटमॉड्यूल्स'. त्यात सध्या बार्बरचंच सूत्र वापरणारी बेकेटची २०१६ची पद्धत मुळातच निवडलेली असते, तीच राहू द्या. इथेही उत्तर दर वेळी थोडं हलतं. पुष्कळदा चालवायचं आणि सगळ्यांत जास्त गुण (म्हणजे मॉड्युलॅरिटी) मिळालेली विभागणी ठेवायची. त्याच्या खालोखाल गुण मिळालेल्या विभागण्याही फेकू नका. जे लेखक सगळ्यांत एकाच गटात राहतात ते पक्के. जे उड्या मारतात त्यांची वेगळी यादी करा, पुढे तीच जास्त कामाची ठरते.

दुसरं, एकदाच दिसलेले कीटक. तुमच्याकडे एकदाच छापून आलेले लेखक भरपूर असणार. असा लेखक आपल्या अंकाला चिकटून गटात जातो, कुठल्याच दोन अंकांना जोडत नाही, आणि गुण मात्र फुगवतो. त्यांच्यासकट आणि त्यांच्याविना असं दोन्ही करून बघा.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. गुण ०.४ आले की ०.५, ह्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो. निव्वळ यदृच्छेने भरलेल्या तक्त्यातही ही सॉफ्टवेअरं गट काढून दाखवतात आणि गुणही बऱ्यापैकी देतात. म्हणून तुमचाच तक्ता ढवळायचा: प्रत्येक लेखकाच्या नोंदी तेवढ्याच, प्रत्येक अंकातले लेखकही तेवढेच, फक्त कोण कुठे ते बदललेलं. ह्यासाठी 'कर्व्हबॉल' नावाची पद्धत आहे, २०१४ची, 'आर'मधल्या 'व्हेगन' पॅकेजात मिळते. ती दोन लेखक उचलते, त्यांचे समाईक अंक बाजूला ठेवते, उरलेले अंक एकत्र करून पुन्हा दोघांत वाटते, ज्याच्या वाट्याला पूर्वी जितके होते तितकेच. असं हजारो वेळा. असे पुष्कळ ढवळलेले तक्ते करून प्रत्येकावर तेच फंक्शन चालवा. तुमच्या खऱ्या तक्त्याचे गुण त्या गर्दीच्या बरेच वर असतील तरच पुढे बोलायचं.

जुना कारकून

सह्यवेल ह्यांच्याशी पूर्ण सहमत. अंकवेडीताई, स्वतःचा विदा घालण्याआधी एकदा ह्या विषयातल्या जुन्या, सर्वांनी चघळलेल्या तक्त्यावर हात साफ करून घ्या.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावात १९३० च्या दशकात ॲलिसन डेव्हिस आणि बर्ले व मेरी गार्डनर ह्यांनी वर्ग आणि वर्णभेदाचा अभ्यास केला. तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक छोटा तक्ता आहे: १८ बायका, १४ समारंभ, कोण कुठे हजर. हजेरीच्या खुणा ८९. वर्तमानपत्रातल्या बातम्या, पाहुण्यांच्या याद्या, मुलाखती ह्यांवरून तो भरला. पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेच्या 'नेटवर्कएक्स' पॅकेजात हा तक्ता आयता मिळतो. लिंटन फ्रीमनने २००३ मध्ये ह्या एकाच तक्त्यावर तोवर वापरलेल्या २१ पद्धतींचे निकाल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले.

रँडमवॉकर ह्यांनी जो गोळा म्हटला तो इथे हाताने मोजता येतो. १८ बायकांच्या जोड्या १५३. निदान एका समारंभात एकत्र आलेल्या जोड्या १३९. म्हणजे बाई-बाई जाळं केलं की जवळजवळ सगळ्या सगळ्यांना जोडलेल्या! एकट्या आठव्या समारंभाला १४ जणी होत्या, त्यातूनच ९१ जोड्या तयार होतात. मूळ तक्त्यात मात्र दोन गोतावळे नुसत्या डोळ्यांनी दिसतात: पहिल्या पाच समारंभांना एका बाजूच्याच बायका, शेवटच्या पाचांना दुसऱ्या बाजूच्याच, आणि मधले चार सामाईक.

आता डोरोथी नावाच्या बाईकडे बघा. तिच्या खुणा दोनच, आठवा समारंभ (१४ जणी) आणि नववा (१२ जणी). दोन्ही सगळ्यांत जास्त गर्दीचे, दोन्हींना दोन्हीकडच्या बायका. डोरोथी कोणत्या गटातली हे सांगण्याइतकी माहिती तक्त्यात नाहीच. सॉफ्टवेअर तिला कुठेतरी टाकतं, कारण रिकामी जागा सोडायची मुभा त्याला नसते.

आणखी एक. बार्बरचं सूत्रसुद्धा डोळे झाकून घेऊ नका. एव्हलिन ८ समारंभांना होती. आठव्या समारंभाला १४ जणी. अपेक्षा ८ × १४ भागिले ८९, म्हणजे १.२६. एका समारंभाला सव्वा वेळा हजर राहणं कसं जमायचं? तक्ता लहान आणि दाट असला की असं होतं. ढवळलेल्या तक्त्यांत ही भानगड नाही, तिथे खूण एकतर असते किंवा नसते.

रँडमवॉकर

१.२६ कडे कधी लक्षच गेलं नव्हतं, भारी. पुरवणी: बार्बरच्या पद्धतीने ह्या तक्त्यात दोनापेक्षा जास्त गट निघतात आणि त्यावर 'दोनच हवेत' म्हणणारे नाराज होतात. कोणी तरी दोन म्हणून ठेवलंय म्हणून दोनच बरोबर असं मी धरत नाही.

मोरपिशी

पुस्तकवाली असल्याने तांत्रिक भागातलं अर्धंच कळलं, पण एक मूलभूत शंका आहे. नावांचं काय केलंत? आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर तुमच्या यादीत एक ठिपका की दोन? कविता एका नावावर, कथा-कादंबऱ्या दुसऱ्या. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर तसंच. ग्रेस आणि माणिक गोडघाटे आहेतच.

आणि १९५० पासूनच का? पहिला दिवाळी अंक 'मनोरंजन'चा, १९०९ चा.

अंकवेडी

१९५० च्या आधीचे अंक आमच्या कपाटात इतके तुटक आहेत की वर्षच्या वर्षं कोरी जातात. टोपणनावांचं अजून केलेलं नाही, अनुक्रमणिकेत जसं छापलंय तसं उतरवलं आहे.

रँडमवॉकर

मोरपिशी, हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या निवडीइतकाच मोठा आहे. दोन्ही स्तंभ ठेवा: 'छापील नाव' आणि 'व्यक्ती'. गोट शोधायचा तर व्यक्ती घ्या. संपादक कवितेसाठी कोणाला विचारायचे आणि कथेसाठी कोणाला, हे बघायचं तर छापील नाव. एकाच माणसाची दोन नावं दोन वेगळ्या गटांत गेली तर तो निकाल स्वतःच वाचण्यासारखा असेल.

त्याच्याही आधी टंकनातली घाण काढा. 'पु. ल. देशपांडे' आणि 'पु.ल. देशपांडे' सॉफ्टवेअरला दोन माणसं. मध्ये दोन स्पेस पडल्या की तिसरा. देवनागरीत आणखी एक छुपी खोड आहे: 'ॲ' हे एकसंध अक्षर म्हणून टाइप होतं, आणि 'अ'वर चंद्र देऊनही होतं. दिसायला सारखं, आत वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) ही जोडी एक करत नाही. अर्ध्या 'र'साठी घातलेले न दिसणारे जोडक तसेच. एक्सेलमध्ये नावांची वर्णानुक्रमे यादी लावा आणि शेजारशेजारची नावं डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं आहे, पण ह्याला पर्याय नाही.

अंकवेडी

बरेच दिवसांनी वर काढते आहे. नावं बरीचशी साफ केली, 'आर' बसवलं, डेव्हिसच्या तक्त्यावर सराव केला (डोरोथी खरंच उड्या मारते!). मग माझा विदा. प्रत्येक सालचा अंक वेगळा ठिपका धरला. गट निघाले, खऱ्या तक्त्याचे गुण ढवळलेल्या तक्त्यांच्या कितीतरी वर. आनंदाने गटांत कोण कोण आहे ते उघडून बघितलं, तर एक गट पन्नाशीच्या दशकाचा, एक साठीचा, एक सत्तरी-ऐंशीचा. गोट नाहीतच, नुसतं कॅलेंडर!

तिरकस

म्हणजे १९५२ चा लेखक १९५२ च्या सुमारास लिहीत होता, असा शोध लागला. अभिनंदन. :)

सह्यवेल

तिरकस, हसू नका, आमच्याकडे हे रोजचंच. जूनमध्ये फुलणारं झाड आणि ऑक्टोबरमध्ये उडणारा कीटक भेटणारच नाहीत. तक्त्यातला तो शून्य 'भेटले नाहीत' असा नसून 'भेटूच शकले नसते' असा आहे. साधं ढवळणं दोन्ही शून्यांना सारखंच वागवतं. तुमच्या ढवळलेल्या तक्त्यांत १९५५ मध्ये वारलेला लेखक १९७८ च्या अंकात लिहितो. असल्या तक्त्यांपेक्षा खरा तक्ता जास्त सुसंगत निघणारच, त्यातून गोट सिद्ध होत नाहीत.

उपाय सोपा आहे. 'फ्रेमटूवेब्स'मध्ये प्रत्येक नोंद कोणत्या जाळ्यातली हे सांगायला एक रकाना असतो. तिथे साल द्या. दर सालचा वेगळा तक्ता मिळेल. कर्व्हबॉल प्रत्येक सालच्या तक्त्यावर स्वतंत्र चालवा, म्हणजे १९६३ च्या लेखकांची अदलाबदल १९६३ च्या अंकांतच होईल. मग सगळी सालं एकत्र करताना अंकाच्या नावावर बेरीज करा. अमुक लेखक अमुक अंकात एकूण किती वर्षं होता, असा वजनदार तक्ता तयार होतो. खऱ्या विद्याचीही तशीच बेरीज. बेकेटची पद्धत वजनं हाताळते.

जुना कारकून

नेमका उपाय. फक्त ताई, बेरीज केल्यावर प्रश्नही बदलतो हे ध्यानात असू द्या. सालवार अंक हा ठिपका धरला तर 'कोण कोणाबरोबर छापून आलं' असा प्रश्न. नियतकालिक हा ठिपका धरला तर 'कोण कोणत्या घरचं' असा. तुम्हाला दुसरा हवा होता असं पहिल्या पोस्टवरून वाटतं. संपादक बदलल्यावर घर तेच राहिलं का, हे मात्र ह्या बेरजेत पुसलं जातं. जिथे संपादकबदल माहीत आहे तिथे एका अंकाचे दोन ठिपके करून बघता येतील.

मोरपिशी

आणखी एक बोच. अनुक्रमणिकेत छापून आलेलेच दिसतात. ज्यांचं हस्तलिखित साभार परत आलं ते ह्या तक्त्यात कुठेच नाहीत. एखादा लेखक एकाच अंकात दिसतो तो निष्ठेने, की बाकीच्यांनी दार लावलं म्हणून, हे तुमच्या गटांवरून कसं ठरवणार?

रँडमवॉकर

नाही ठरवता येणार. त्यासाठी पत्रव्यवहार, आठवणी, संपादकांच्या मुलाखती. नॅचेझच्या तक्त्यातही बायका सगळ्या गोऱ्या आहेत. गावातल्या काळ्या बायकांना त्या समारंभांत जागाच नव्हती, आणि अभ्यास तर त्याच भेदभावाचा होता. तक्त्याच्या ओळीत कोण नाही हे कुठलंच अल्गोरिदम सांगत नाही.

ताई, वर्षवार ढवळून झालं की पुढची पायरी म्हणून एक सुचवतो. बार्बरच्या घराण्यातल्या पद्धतींत एका गटात लेखक आणि अंक एकत्र असतात. चार लेखक-गट असतील तर अंकांचेही चारच. वस्तुस्थिती तशी असेलच असं नाही. समजा कवींचा एक घोळका आहे जो सगळीकडे लिहितो, त्याला स्वतःचा असा अंकच नाही. असा घोळका ह्या पद्धतीत तुकडे होऊन इतरांत वाटला जाईल. स्टोकॅस्टिक ब्लॉक मॉडेल दोन्ही बाजूंचे गट वेगळे करतं, लेखकांचे सात आणि अंकांचे तीन असंही चालतं, आणि कोणत्या लेखक-गटाचं कोणत्या अंक-गटात किती जाणं-येणं आहे ते सांगतं. दोन बाजूंच्या जाळ्यासाठी लॅरेमोर, क्लॉसेट आणि जेकब्ज ह्यांनी २०१४ मध्ये ते नीट मांडलं. टियागो पेशोटोच्या 'ग्राफ-टूल' ह्या सॉफ्टवेअरमध्ये गटांची संख्याही तेच ठरवतं: गट वाढवून विद्याचं वर्णन खरोखर आटोपशीर होत असेल तरच नवा गट. ठोस पुरावा नसेल तर 'गट एकच' असंही सांगतं, हा त्याचा मोठाच गुण. खोट एवढीच की विंडोजवर ते थेट बसत नाही, विंडोजच्या आत लिनक्स बसवावं लागतं. भाच्याला कामाला लावा.

अंकवेडी

भाचा लिनक्स बसवून गेला, ग्राफ-टूल अजून उघडलेलं नाही. वर्षवार ढवळणं मात्र झालं. कॅलेंडर गेलं! गुणांमधला फरकही बराच उतरला, पण शून्यावर नाही आला. विनोदी अंक आणि त्यांचे लेखक हा गट कितीही वेळा चालवलं तरी जागचा हलत नाही. एकदाच लिहिलेले काढून टाकले तरी टिकतो. बाकीचे दोन गट निघतात, पण त्यांच्या कडा दर वेळी सरकतात आणि सरकणाऱ्यांत बहुतेक कवी आहेत. रँडमवॉकर म्हणतात तो घोळका हाच असावा.

दोन्ही काकांना ती यादी दाखवली. विनोदी गटावर दोघांचं तात्काळ एकमत झालं. कवींवरून पुन्हा जुंपली.

तिरकस

आता उत्सुकता वाटायला लागली आहे हे कबूल. ते कवी कोण कोण आहेत?

अंकवेडी

@तिरकस, टोपणनावांचा स्तंभ अजून अर्धाच भरलाय, आणि नेमकं कवींचंच काम उरलंय. ते होऊन ग्राफ-टूल चाललं की यादी ह्याच धाग्यावर टाकते. मोरपिशी, १९६० नंतरची टोपणनावं ओळखायला मदत कराल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मोरपिशी

करा की. छापील नाव, साल आणि अंक असे तीनच रकाने पाठवा. बाकीचं मी भरून देते.